राही धवलारीण आणि रक्ताची सुई

राही धवलारीण मांडवात शिरली की बायका न सांगता सरकून जागा करत. बाई उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत, आणि चालणं असं की वाटावं हिच्यामागून वाजंत्री येत असणार. ती थेट हळद कुटायच्या उखळाशेजारी जाऊन बसायची. घसा खाकरायची नाही, कोण आलं कोण नाही ते बघायची नाही. पहिला सूर ती इतक्या खालून उचलायची की पत्रावळी लावणारे गडीसुद्धा हात थांबवून बघत. मग एका दमात अख्खं कडवं. आठ ओळींचं कडवं, मध्ये कुठे श्वास नाही. ऐकणाऱ्याचाच जीव कोंडायचा, आणि कडवं संपलं की सगळा मांडव तिच्याबरोबर हुश्श करायचा. मोठमोठ्या नाट्यगृहांत टाळ्या घेतलेल्या नटांनी दम कसा राखावा हे या बाईच्या पायाशी बसून शिकावं, इतकी तयारी. आणि तिला कुणी कधी बक्षिसाचा नारळसुद्धा दिला नव्हता.

टोकावड्याच्या वरच्या अंगाला तिचं सासर. मुरबाड तालुक्यातल्या घाटाखालच्या गावांत लग्न ठरलं की आधी तारीख निघे आणि मग राहीला निरोप जाई. लग्नाच्या दोन्ही दिवशी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे, देवांना लग्नाचं आवतण द्यायचं आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाका मारून मांडवात बोलवायचं, हे धवलारणीचं काम. प्रत्येक घराची नावं वेगळी, त्यांचा क्रम वेगळा. राहीला अशी चाळीसेक घरं पाठ होती. तिच्या आईनं, हौसानं, तिला ती शिकवली तेव्हा एकच अट घातली होती. एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही. धवलारीण घराच्या आतपर्यंत जाते, कोण कशानं गेलं, कोणाचं नाव घेत नाहीत, सगळं तिला कळतं. ते तिच्या पोटातच राहायला हवं. राहीनं हे पस्तीस वर्षं पाळलं. नवऱ्यालासुद्धा कधी काही सांगितलं नाही, आणि धाऊनंही कधी विचारलं नाही.

असा हा दम एका लग्नात तिसऱ्या ओळीवर तुटला. बायकांना वाटलं, राहीबाईला गहिवरून आलं. गहिवर कसला! छातीत हवाच उरली नव्हती. पुढे पायांना सूज आली, तोंड पांढरं पडलं, चार पायऱ्या चढायच्या तर दोनदा टेकावं लागू लागलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात.

"पर मला दम का लागतो? दम काय किडनीत असतो?" राहीनं विचारलं.

डॉक्टर भले माणूस. त्यांनी समजावलं की शरीराला नवीन रक्त बनव म्हणून जो हुकूम जातो तो किडनीतून जातो. किडनीच थकली तर हुकूम कोण देणार? म्हणून रक्त कमी, म्हणून दम नाही. तो हुकूम आता सुईतून द्यायचा. फ्रिजमध्ये ठेवलेली बोटभर सुई, दर बुधवारी दंडात. चिठ्ठी लिहून त्यांनी जगन कंपाउंडरकडे दिली.

दिवाळीनंतर डायलिसिस सुरू झालं, ते शहापूरला. सोमवारी आणि गुरुवारी. रक्त यंत्रात घ्यायला डाव्या मनगटात शीर जोडून दिली होती, तिथे बोट ठेवलं की आत घरघर जाणवायची. त्या हातावर प्रेशर मोजायचं नाही, त्या हातानं ओझं उचलायचं नाही, बांगडी नको. हिरव्या बांगड्या सगळ्या उजव्या हातात गेल्या. "घरघर थांबली तर मावशी, हातातलं काम टाकून धावत यायचं. एक दिवसही थांबायचं नाही," असं अनिता सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं. धाऊनं ते फारच मनावर घेतलं. तो रोज सकाळी चहाच्या आधी राहीच्या मनगटाला कान लावी, आणि "चालू हाय" म्हणून चूल पेटवायला जाई.

शहापूरच्या डॉक्टरीणबाई, मनस्वी त्यांचं नाव, त्यांनीही रक्त बघून तीच सुई लिहिली. आता डायलिसिस संपताना नळीतूनच ती दिली जाऊ लागली.

आणि राही बुधवारी मुरबाडलाही जात राहिली.

हे तिनं मुद्दाम केलं असं म्हणावं तर म्हणता येईल, आणि नाही म्हणावं तरी चालेल. तिच्या हिशेबी मुरबाडचे डॉक्टर हे एक घर होतं, शहापूरचं केंद्र हे दुसरं. एका घरानं दिलेलं ती दुसऱ्या घरी कशी बोलणार? ते वागणं हलकं झालं असतं. शिवाय मुरबाडच्या डॉक्टरांनी कठीण दिवसांत हात दिला होता. शहापूर मिळालं म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवायची? जगन कंपाउंडरसमोर जुनी चिठ्ठी होतीच. तो गालात हसून विचारी, "काय राहीबाई, गाणं कवा?" आणि सुई टोचे.

गाणं आलं. पौषात जिना चढता आला. माघात पाण्याची कळशी उचलता आली, अर्थात उजव्या हातानं. एका सकाळी परसात उभं राहून राहीनं सहज कडवं धरलं आणि सहा ओळी गेल्या की! धाऊ गोठ्यातून शेणाच्या हातानं बाहेर येऊन उभा राहिला. तिनं त्याच दिवशी माहेरी फोन लावला. भावाची मुलगी अपेक्षा, आसनगावला एका गोदामात कामाला जाणारी, तिचं वैशाखात लग्न होतं. मुलीनं घरच्यांना बजावलं होतं की डीजे लावा, काय हवं ते लावा, पण धवला आत्याचाच. "आते, यायचं हां. नायतर मी बोहल्यावर नाय चढायची." राहीनं शब्द दिला. माहेरच्या घराची नावं तिला आणि तिच्या आईलाच येत होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणजे आता एकटी राहीच.

फाल्गुनात डोकं दुखायला लागलं. साधं नव्हे. मानेतून चढायचं आणि डोळ्यांच्या मागे येऊन बसायचं. कानांत सतत कुणीतरी दळतंय असा आवाज. कधी समोरचं झाड दोन दिसायचं. राहीनं ते उन्हावर ढकललं.

"मावशी, डोकं दुखतंय का?" अनिता सिस्टर प्रेशरचा पट्टा गुंडाळत विचारायची.

"नाय."

"डोळ्यांसमोर अंधारी वगैरे?"

"नाय गो बाय. तू तुजा फुगा फुगव."

फुगा फुगायचा आणि सिस्टरच्या कपाळाला आठी पडायची. एकशे सत्तर. एकशे ऐंशी. प्रेशरच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, तरी आकडा हटेना. मार्चअखेर रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाई स्वतः खुर्चीपाशी आल्या.

"राहीबाई, हिमोग्लोबिन तेरा पॉइंट चार झालंय."

"मंग पेढे आणते सगळ्यांना!"

"पेढे नकोत. मी सुई बंद करतेय."

राहीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बंद? रक्त वाढलं म्हनून बंद? अवो, वाढायसाठीच देत होतात ना?"

"वाढायसाठीच. पण तुम्हाला दहा-साडेअकराच पुरे. निरोगी बाईला तेरा चांगलं, किडनीच्या पेशंटला ते धोक्याचं. ही सुई जास्त झाली की प्रेशर चढतं, रक्त दाट होतं, गाठ होते. मेंदूत झाली तर अर्धांगवायू. मनगटात झाली तर हा हात बंद."

"म्हंजी मी धा-अकरावर रांगायचं, आन दुसऱ्यांनी तेरावर नाचायचं."

"खरं सांगू? मी दिलेल्या डोसवर इतकं वाढायलाच नको होतं. तुम्ही दुसरीकडे कुठे काही घेता का?"

प्रश्न सरळ होता. राहीनं छताच्या पंख्याकडे बघितलं. "नाय," ती म्हणाली.

आपण खोटं बोललो असं तिच्या मनातही आलं नाही. आला तो राग. घरी जाताना जीपमध्ये तिनं धाऊचं डोकं खाल्लं. रानात वाघ आला तर पळायला सांगतात, आणि हिला पळता यायला लागलं तर पाय बांधतात! जेवण दिलं आणि पोट भरताना ताट ओढलं! वैशाखाला महिना उरलाय, आणि या डॉक्टरीणबाईला आकडे सुचतात. धाऊ केंद्रात आत येत नसे, बाहेर बाकावर बसे, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं एवढंच म्हटलं, "डोकं दुखतंय ते सांगितलंस का?"

"तुमी गप बसा."

शहापूरची सुई थांबली. बुधवारची चालू राहिली. आता तर राहीला ती जास्तच हवीशी वाटू लागली.

माहेर खर्डीजवळ, भाताच्या खाचरांना लागून. हळदीच्या दिवशी मांडवात डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या. पोरं नाचून दमली की धवला, धवला थांबला की पुन्हा पोरं. राहीनं त्या दोन गोंधळांच्या फटीत बसून हळदीचे धवले म्हटले. मागून सूर धरायला खर्डीकडची शकू धवलारीण होती. शकू आणि राही म्हणजे दोन गावांच्या दोन नायिका. तोंडावर गोड, पाठीमागे एकमेकींच्या सुरांचा पंचनामा.

"राहीबाय, आज आवाज लई वर नेलास. पत्रे उडतील."

"तू खाली धरून ठेव ना मग. वजनदार हायस."

बायका हसल्या. राहीही हसली, पण तिचं डोकं असं ठणकत होतं की हसताना दात आवळावे लागले. संध्याकाळी डावा हात जड वाटला. मुसळ धरलं होतं, म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या रात्री पुरुषमाणसं शेजारच्या खळ्यावर झोपली. सकाळी पाहुण्यांच्या गर्दीत धाऊला तिचं मनगट सापडलंच नाही.

लग्न दुपारी बाराचं. दहा वाजता राही शेवटच्या धवल्यासाठी बसली. हाच धवला मोठा, यातच घरातल्या सगळ्या गेल्या माणसांना हाका. अपेक्षा हळदीनं पिवळी होऊन समोर पाटावर. राही तोंड उघडणार, एवढ्यात धाऊ चहाचा कप घेऊन बायकांच्या घोळक्यात घुसला. बायका ओरडल्या. त्यानं कप खाली ठेवला, तिचं मनगट उचललं, कान लावला. मग दुसरा कान लावला.

"राहे, वाजत नाय."

"डीजे वाजतोय, मंग कसं ऐकू यील तुमाला!"

डीजे बंद होता. सगळ्या मांडवाला ते ठाऊक होतं. राहीनं स्वतः बोट ठेवलं. आत काही नव्हतं. चामडीखाली एक दोरीसारखी कडक शीर, आणि बस्स.

"कवापासनं?"

"ठावं नाय."

"उठ."

"धवला झाल्याबगर उठनार नाय. बारापर्यंतचं काय ते. हात काय पळून चाललाय?"

"हातच पळून चाललाय गो!" धाऊ असा ओरडला की बाहेरचे पुरुष आत डोकावले. पस्तीस वर्षांत त्या माणसानं आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

राहीला सगळ्यांचाच राग आला. कान लावणाऱ्या नवऱ्याचा, बघत बसलेल्या बायकांचा, आकडे सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा, आणि त्या हाताचा, ज्यानं नेमका आजचाच दिवस धरला. अपेक्षा पाटावरून उठली. नवरीनं उठायचं नसतं, पण उठली.

"आते, जा. माज्या लग्नापायी तुजा हात नको. नंतर जलमभर त्या हाताकडं बघायचं मला."

"आन तुज्या आज्यापणज्यांना हाका कोन मारनार? तो डीजे?"

तेव्हा मागून शकू म्हणाली, "मी धरते फुडं."

"तुला या घरची नावं कुठं ठावं हायत!"

"मंग सांग."

धवलारीण धवलारणीला नावं देत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. राहीनं शकूकडे बघितलं. शकूनं नजर खाली घातली नाही, टोमणाही मारला नाही. अपेक्षा उभीच होती, अंगावरची हळद वाळून तिचे पापुद्रे गळत होते.

राहीनं शकूच्या दंडाला धरलं आणि तिला कोनाड्यापाशी ओढत नेलं. तिथे तिच्या कानाशी तोंड नेऊन तिनं अकरा नावं सांगितली. शकूनं बोटांवर मोजून परत म्हणून दाखवली. चौथ्याला अडखळली, राहीनं तिला चिमटा काढला, पुन्हा म्हणायला लावली.

"आन वरचा सूर वढू नको. फाटतो तुजा."

"तुजा हात फाटलाय त्याचं बघ आदी. निघ."

जीपमध्ये बसल्यावर मागून शकूचा पहिला सूर ऐकू आला. जरा वरूनच लागला होता. राहीनं पदर तोंडात कोंबला.

शहापूरच्या केंद्रात प्रेशर दोनशेवर निघालं. अनिता सिस्टरनं गोळी हातावर ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांनी मनगटावर यंत्र ठेवून ऐकलं, रक्त काढायला सांगितलं, आणि आकडा बघून त्या खुर्ची ओढून बसल्या.

"तेरा पॉइंट नऊ. मी सुई बंद करून महिना झाला, राहीबाई. हे वाढलं कुठून?"

राहीनं डोळे मिटले. एका दिवसात किती दारं उघडायची माणसानं? "मुरबाडला बी घेते," ती म्हणाली. "दर बुधवारी. आदीपासनं."

"मी विचारलं होतं तुम्हाला!"

"व्हय. इचारलं व्हतं."

"मग?"

"एका घरचं दुसऱ्या घरी बोलत नाय आमी."

"अहो, हे घर नाही, दवाखाना आहे! दोन्ही सुया मिळून तुमचं रक्त दाट झालं, प्रेशर चढलं, त्यात हात बंद पडला. मेंदूवर गेलं असतं तर आज तुम्ही इथे बोलत नसता."

राही उठून बसली. "मंग तुमी का नाय बोललात एकमेकांशी? मुरबाडची फाइल माज्या पिशवीत असते. तुमी कदी मागितलीत? त्यांनी तुमची मागितली? मला गानारीला सगळं कळायला पायजे, आन शिकलेल्यांनी फोन बी नाय करायचा?"

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. "द्या ती फाइल." आणि तिथेच बसल्या बसल्या त्यांनी मुरबाडला फोन लावला. पलीकडून जगन कंपाउंडर बोलत होता. तो आधी नाही म्हणाला, मग चिठ्ठी शोधायला गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. डायलिसिस सुरू झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिथून कल्याण. तिथल्या डॉक्टरांनी दोन तास खटपट करून गाठ काढली. संध्याकाळी मनगटात जरा थरथर आली. धाऊनं एक कान लावला, मग दुसरा. सकाळपर्यंत ती थरथर गेली. हात कदाचित हळदीच्या संध्याकाळीच बंद झाला असावा, फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी डायलिसिससाठी मानेत नळी बसवली आणि उजव्या हातात नवी शीर जोडायची तारीख दिली. म्हणजे बांगड्या आता डावीकडे. राहीला त्यावर हसूही आलं नाही.

चौथ्या दिवशी शकू भेटायला आली. शेवेचे लाडू आणि लग्नाची हकिगत घेऊन. धवला पार पडला होता. नववं नाव विसरली, म्हणून आठवं दोनदा म्हटलं.

"नववी माजी आजी व्हती!" राही कडाडली. "बिनआवतनाची ऱ्हायली ती!"

"मंग परत सांग. अपेक्षाच्या पोराच्या लग्नाला बोलावते दोनदा."

राहीनं तिला शिव्या घातल्या. मग नववं नाव पुन्हा सांगितलं, आणि नंतर दहावं, अकरावंही, खात्री म्हणून.

सहा आठवडे सुई नाही. डोकेदुखी थांबली, कानांतलं दळण थांबलं, प्रेशर एका गोळीवर आलं, आणि त्याच्याच जोडीनं दमही ओसरत गेला. रक्त दहावर उतरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुई पुन्हा सुरू केली, थोडीशी, एकाच ठिकाणी. मुरबाडच्या चिठ्ठीवर आता आडवी रेघ होती. साडेअकराच्या वर जाऊ देणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

"अकरात एक कडवं एका दमात हुतं का?" राहीनं विचारलं.

"ते माझ्या पुस्तकात नाही, राहीबाई."

"मंग तुमच्या पुस्तकात हाय तरी काय?"

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. "म्हणून बघा. मी प्रेशर बघते."

सोमवारची सकाळ होती. खोलीत सहा खुर्च्या, सहा माणसं, सहा यंत्रं चालू. मानेत नळी असलेली राही खुर्चीत ताठ बसली. घसा खाकरला नाही. सूर खालून उचलला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेंगणारा म्हातारा जागा झाला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीच्या शेवटाला श्वास संपला. चौथी नुसती ओठांवर हलली, आवाज आलाच नाही.

अनिता सिस्टरनं पट्टा सोडला. "एकशे चाळीस. बरं आहे, मावशी."

"बरं? तीन वळी झाल्या, बरं कसलं!" राहीचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "ती फाइल घे. लिव. रक्त धा, वळी तीन."

"हे फाइलमध्ये लिहू?"

"लिव म्हंते ना. आन मुरबाडच्यांना बी कळव." सिस्टर लिहू लागली तशी राही पुढे वाकली, नळी ताणली म्हणून पुन्हा मागे टेकली. "आन त्याच्या वर लिव, आदी आठ व्हायच्या."